चहा कुणाचा, दंगा कुणाचा

मागच्या अंकात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांवर चार ओळी लिहिताना मी दोन विधानं केली होती. एक, बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला गेला तो महाग झाला म्हणून नव्हे, स्वस्त झाला म्हणून. दोन, त्या लढ्यात उतरलेल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा होता आणि शेवटी वसुली सगळ्यांची झाली नाही. यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेली आहेत, काही खोचक. पोस्टकार्डंही आहेत, म्हणजे मुंबईत अजून पोस्टकार्ड मिळतं तर! नव्या वाचकांसाठी सांगतो, मी प्राध्यापक नव्हे. नोकरी मुंबई कस्टम्समध्ये गेली, गोदीवर अप्रेझर म्हणून. इतिहास आवडीने वाचतो आणि माल, ड्यूटी, जप्ती हे शब्द आले की जरा जास्त रेंगाळतो. आजही रेंगाळणार आहे.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलं की इंग्रजांनी चहावर कर लादला म्हणून बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला. स्वस्त झालेला चहा कोण कशाला फेकेल? — एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव

बाई, कर होताच. वजनी पौंडामागे तीन पेन्स. पण तो १७६७ पासून चालत आलेला होता. त्याच्याबरोबर काच, शिसं, रंग, कागद यांवर लागलेले कर १७७० मध्ये उठले, चहाचा तेवढा ठेवला. म्हणजे डिसेंबर १७७३ मध्ये चहाच्या कराला सहा वर्षं होऊन गेली होती. मग त्या वर्षी नवीन काय झालं?

झालं असं की ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली. तिच्या लंडनच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून होता. आपल्या मापात साधारण ७७ लाख किलो. १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या, कर्ज मिळेना. इकडे बंगालमध्ये १७७० चा भीषण दुष्काळ पडून गेलेला. माणसं मरत होती आणि कंपनी शेतसारा वसूल करत होती, पण किती दिवस करणार? कंपनीने सरकारकडे हात पसरले. सरकारने १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, कारभारावर नियंत्रण आणणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला आणि त्याच वर्षी चहाचा कायदाही केला. त्या कायद्याने कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेला पाठवायची मुभा मिळाली आणि इंग्लंडमध्ये भरलेली ड्यूटी परत मिळू लागली. आमच्या खात्यात याला ड्रॉबॅक म्हणतात. तीन पेन्स भरूनसुद्धा कंपनीचा चहा आता अमेरिकेत डचांकडून चोरून आणलेल्या चहापेक्षा स्वस्त पडणार होता.

आणि अमेरिकेत लोक पीत होते त्यातला बराचसा चहा चोरटाच होता. आता सांगा, पोटात कुणाच्या दुखेल?

सोन्याच्या नियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशातल्या भारतीयांना ड्यूटी भरून सोनं आणायची परवानगी मिळाली. त्या काळात गोदीवर असलेल्या कुणालाही विचारा, दुःख कुणाला झालं. दागिने करणाऱ्याला नाही झालं.

बोस्टनच्या सगळ्यात श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक जॉन हॅनकॉक. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सगळ्यांत मोठी सही आहे ती याची. १७६८ मध्ये त्याची 'लिबर्टी' नावाची नौका कस्टम्सने जप्त केली. आरोप असा की मदिरा नावाची वाइन ड्यूटी न भरता रातोरात उतरवली. जप्तीच्या दिवशी बंदरावर दंगल उसळली आणि कस्टम्सचे आयुक्त जीव घेऊन बंदरातल्या किल्ल्यात जाऊन बसले. खटला उभा राहिला, हॅनकॉकचे वकील जॉन अ‍ॅडम्स, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. शेवटी सरकारनेच खटला मागे घेतला. साक्षीदार ऐनवेळी गप्प होतात हा अनुभव काही आमच्याच खात्याचा नाही.

सगळेच व्यापारी चोरटे नव्हते, हेही खरं. पण इमानदार व्यापाऱ्यालाही नवा कायदा जाचकच होता, कारण कंपनी आपला चहा मोजक्या नेमलेल्या अडत्यांमार्फतच विकणार होती. बोस्टनच्या अडत्यांत खुद्द गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते! आज चहा, उद्या कापड आणि मसाले, अशी भीती खरी होती. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने त्याच वर्षी लिहिलं की आशियाला लुटून झाल्यावर आता या कंपनीची नजर अमेरिकेवर पडली आहे, आणि त्याने बंगालच्या दुष्काळातल्या मृत्यूंचा दाखला दिला. म्हणजे आपले भुकेने मेलेले लोक बोस्टनच्या वादात साक्षीला उभे होते. चहा मात्र आपला नव्हता, चीनचा होता. आसामच्या मळ्यांना अजून साठ-सत्तर वर्षं अवकाश होता.

तत्त्वाचा मुद्दा होता का? होता. स्वस्तातला चहा घेतला तर पार्लमेंटचा कर लावायचा हक्क मान्य केल्यासारखं होतं. पण तत्त्व आणि गल्ला एका बाजूला आले की तत्त्वाला फार जोर चढतो. हे लक्षात ठेवून ती रात्र मुलांना शिकवायला हरकत नाही.

माझे पणजोबा परळच्या गिरणीत होते. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या कामगारांनी सहा दिवस संप केला, त्यात तेही होते. बोस्टनला त्या पेट्या प्रत्यक्ष उचलून फेकणारे कोण होते? त्यांना पुढे काय मिळालं? — एक वाचक, लालबाग

या प्रश्नासाठी तुमचे आभार. बहुतेक लोक विचारतात की आदेश कुणी दिला.

१६ डिसेंबर १७७३ ची रात्र, ग्रिफिनचा धक्का, 'डार्टमाउथ', 'एलेनॉर' आणि 'बीव्हर' ही तीन जहाजं, ३४२ पेट्या. किंमत कंपनीच्या हिशेबाने ९,६५९ पौंड. यातल्या मोठ्या पेट्या साडेतीनशे पौंडांच्या आसपास वजनाच्या. ज्याने कधी होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातून, माल काढलेला पाहिला आहे त्याला कळेल, हे रेशमी मोजे घालणाऱ्यांचं काम नाही. कप्पी आणि दोर लागतात, डेकवर आल्यावर कुऱ्हाड लागते. तोंडाला काजळी फासून, मोहॉक आदिवासींचं सोंग घेऊन आलेल्यांत सुतार होते, गवंडी होते, शिकाऊ पोरं होती. थोडे व्यापारी आणि डॉक्टरही होते. आणि एक चांभार होता, जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ज ह्यूज. उंची जेमतेम पाच फूट एक इंच.

या ह्यूजबद्दल बरंच ठाऊक आहे, कारण तो ९८ वर्षं जगला आणि म्हातारपणी त्याच्या आठवणी लोकांनी लिहून घेतल्या. तरुणपणी त्याने हॅनकॉकचा बूट दुरुस्त केला होता. खूश होऊन हॅनकॉकने त्याला इंग्रजी नववर्षाच्या दिवशी घरी बोलावलं. ह्यूज गेला, टोपी हातात, घाबरलेला. साहेबांनी वाइनचा प्याला दिला, नाणं दिलं. ह्यूजने साहेबांच्या नावाने प्याला उचलला आणि मुकाट निघाला. पुढे १७७० मध्ये शिंप्याची उधारी फेडता आली नाही म्हणून तो कर्जदारांच्या तुरुंगातही जाऊन आला. कपड्यांच्या जोडापायी.

त्या चहाच्या रात्री शिट्टी जोरात वाजवता येते म्हणून त्याला एका टोळीचा म्होरक्या केलं. एकजण कोटाच्या अस्तरात चहा भरून पसार व्हायला बघत होता, त्याला ह्यूजनेच पकडलं. म्हातारपणी तो सांगायचा की माझ्या शेजारी पेट्या फोडायला खुद्द हॅनकॉक उभा होता. इतिहासकारांना हे पटत नाही, हॅनकॉक तिथे असण्याची शक्यता फार कमी. पण ज्या साहेबासमोर टोपी काढून थरथरत उभं राहिलो तोच काळोखात खांद्याला खांदा लावून उभा आहे, असं एका चांभाराला साठ वर्षांनंतरही आठवावं, यात त्या रात्रीचं बरंच काही आहे असं मला वाटतं.

महिन्याभरातच, जानेवारी १७७४ मध्ये, रस्त्यात जॉन माल्कम नावाचा कस्टम्सचा माणूस (काय करणार, आमचाच भाऊबंद) एका पोरावर काठी उगारत होता. ह्यूज मधे पडला. माल्कम म्हणाला, सभ्य गृहस्थाशी रस्त्यात बोलायची तुझी काय हिंमत. ह्यूजने सांगितलं की मी गरीब असेन, पण गावात माझी पत तुझ्याइतकीच आहे, आणि निदान माझ्या अंगाला कुणी डांबर फासून पिसं चिकटवलेली नाहीत. माल्कमवर तो प्रसंग आधी एकदा आलेला होता. त्याने काठी ह्यूजच्या डोक्यात घातली. त्या रात्री जमावाने माल्कमला उघडं करून पुन्हा डांबर फासलं, पिसं चिकटवली आणि गाडीवर घालून गावभर फिरवलं. आमच्या खात्याला इतका वाईट प्रसंग मुंबईत तरी आला नाही.

आता टोपीच्या गोष्टीचा पुढचा भाग. युद्ध सुरू झाल्यावर ह्यूजने एका लढाऊ जहाजावर नाव नोंदवलं. जहाजाचं नाव 'हॅनकॉक'. रस्त्यात त्याच जहाजाचा लेफ्टनंट भेटला आणि म्हणाला, माझ्यासमोर टोपी काढ. ह्यूज म्हणाला, कुठल्याच माणसासमोर काढणार नाही. आणि तो ते जहाज सोडून दुसऱ्या जहाजावर गेला. पंधराएक वर्षांत एवढा फरक पडला होता, आणि तो फरक हॅनकॉकने दिलेला नव्हता.

मिळालं काय विचारता? पैशाच्या हिशेबात काही नाही. लुटीतला वाटा कप्तानाने दिला नाही असं तो मरेपर्यंत सांगत होता. युद्धानंतर गरीबच राहिला, न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात गेला. १८३० च्या दशकात कुणाला तरी आठवलं की चहाच्या रात्रीतला एक माणूस अजून जिवंत आहे. मग पेन्शन, बोस्टनला सत्कार, तैलचित्र. चित्राला नाव दिलं 'शतायुषी'. तेव्हा त्याचं वय ९३ होतं.

काका, मी टी.वाय.बी.ए.ला आहे. जे नेते लोकांना रस्त्यावर आणत होते त्यांनाच लोकांची भीती वाटायची का? — एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

वाटायची, आणि ती लपवायचेही नाहीत.

१७६५ च्या स्टॅम्प अ‍ॅक्टचं, म्हणजे छापील कागदांवर आणि दस्तऐवजांवर कर लावणाऱ्या कायद्याचं, उदाहरण घे. बोस्टनच्या काही प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी आणि कारागीर-मालकांनी एबनेझर मॅकिंटॉश नावाच्या चांभाराला हाताशी धरलं (हो, पुन्हा चांभार). तो शहराच्या दक्षिण भागातल्या पोरांचा पुढारी. १४ ऑगस्टला त्यांनी स्टॅम्पच्या अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगला, त्याचं कार्यालय पाडलं. तिथपर्यंत सगळे खूश. पण २६ ऑगस्टला जमाव हचिन्सनच्या वाड्यावर गेला आणि रात्रभरात घराच्या भिंतींपर्यंत सगळं फोडलं. वाइनचं तळघर, चांदीची भांडी, हस्तलिखितं, काही सोडलं नाही. यात कराचा राग होता आणि वाड्याचाही होता. १७७१ च्या करयादीनुसार बोस्टनमधली निम्म्याहून बरीच जास्त संपत्ती वरच्या दहा टक्के करदात्यांकडे होती, त्यामुळे वाड्याचा राग यायला कुणी भाषण करायची गरज नव्हती. दुसऱ्याच दिवशी गावाच्या सभेत कालपर्यंतच्या पुढाऱ्यांनी निषेधाचा ठराव केला.

५ मार्च १७७० चा, बोस्टनमध्ये इंग्रज शिपायांनी केलेला गोळीबार बघ. पाच मेले. क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकी आणि आदिवासी रक्ताचा खलाशी, एक दोरखंड वळणारा कामगार, एक सतरा वर्षांचा शिकाऊ पोरगा, एक आयरिश कामगार आणि एक जहाजावरचा माणूस. भांडणाची सुरुवात दोरखंडाच्या कारखान्यात झाली होती. तुटपुंज्या पगारावरचे इंग्रज शिपाई सुट्टीच्या वेळात कमी मजुरीवर काम मागायला यायचे, स्थानिक मजुरांना ते खपायचं नाही. म्हणजे हुतात्म्यांच्या यादीमागे मजुरीचा दर आहे. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सने. कोर्टात त्याने मेलेल्यांच्या जमावाचं वर्णन केलं ते टवाळ पोरं, काळे, मिश्रवर्णी, आयरिश आणि उपरे खलाशी असं. तोच गोळीबार दरवर्षी स्मरणदिन म्हणून पाळला जात होता आणि तिथे भाषणं देणारे त्याचेच मित्र होते.

परीक्षेत विचारलं तर एवढं लिही. मुंबईत १९४६ च्या फेब्रुवारीत नौदलाच्या खलाशांचं बंड झालं तेव्हा आपल्या मोठ्या नेत्यांनी त्यांना शरण जायला का सांगितलं, तो प्रश्नही याच घरातला आहे. पण तो परीक्षक कोण आहे ते पाहून लिही.

राणीच्या बागेजवळच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात कॉर्नवॉलिसचा पुतळा आहे. अमेरिकेत हरला तोच का हा? — भायखळा

तोच. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला त्याच्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवली, पाच वर्षांत तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला, टिपूशी लढला, १७९३ मध्ये बंगालवर कायमधारा लादला आणि १८०५ मध्ये गाझीपूरला मेला. यॉर्कटाउनच्या वेढ्यात अन्न कमी पडलं, देवी पसरल्या, तेव्हा स्वातंत्र्याच्या आशेने इंग्रजांकडे पळून आलेल्या काळ्या माणसांना छावणीबाहेर हाकलणारा सेनापतीही हाच. पुतळा पूर्वी फोर्टमध्ये होता.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ज्या देशाचे संस्थापकच गुलामांचे मालक होते त्यांना ही अर्पणपत्रिका कशी? — नायगाव, दादर पूर्व

अर्पणपत्रिका पुन्हा वाचा. १८७३ मध्ये लिहिताना जोतीरावांनी गौरव केला आहे तो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि परोपकारबुद्धी दाखवणाऱ्यांचा. म्हणजे यादवी युद्ध आणि १८६५ ची मुक्ती. १७७६ चा तिथे उल्लेख नाही.

१७७६ मध्ये तेरा वसाहतींची लोकसंख्या अंदाजे पंचवीस लाख, त्यांत पाच लाख गुलाम. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांपैकी बहुसंख्य गुलामांचे मालक. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात मिळून सहाशेच्यावर माणसं होती. त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष इंग्लंडच्या राजावर टाकणारा एक परिच्छेद होता, तो काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, गाळला. लंडनमध्ये बसून कोशकार डॉक्टर जॉन्सनने १७७५ मध्येच विचारलं होतं की स्वातंत्र्याच्या नावाने सगळ्यांत मोठ्याने कोकलणारे हे गुलामांना हाकणारेच कसे काय?

व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांचा हिशेब तंबाखूचा होता. माल लंडनला, उधारी लंडनची, व्याज लंडनचं. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर जायचं, आणि खुद्द जेफरसनने लिहून ठेवलं आहे की हे मळेवाले लंडनच्या पेढ्यांची मालमत्ताच होऊन बसले होते. त्यात १७६३ मध्ये राजाने हुकूम काढला की अ‍ॅपलाशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती नको, ती जमीन आदिवासींची. वॉशिंग्टनने चार वर्षांनी आपल्या मोजणीदाराला पत्र लिहिलं की ही आदिवासींना शांत ठेवायची तात्पुरती सोय आहे, तू चांगल्या जमिनी हेरून ठेव आणि बोभाटा करू नकोस. मोजणीदाराला 'बोभाटा करू नकोस' असं सांगणारे जमीनदार आपल्याकडेही पुष्कळ झाले, फक्त त्यांची पत्रं जपून ठेवली गेली नाहीत.

नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम इंग्रजांच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. फक्त बंडखोरांचे हं. राजनिष्ठ मालकांचे गुलाम जिथल्या तिथे, डनमोरचे स्वतःचे धरून. तरी शेकडो लोक पळून आले. पुढे वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननहून हॅरी नावाचा गुलाम पळाला आणि इंग्रजांना मिळाला. युद्ध संपल्यावर, १७८३ मध्ये, वॉशिंग्टनने इंग्रज सेनापती कार्लटनला भेटून पळालेली 'मालमत्ता' परत मागितली. कार्लटनने नकार दिला. सुमारे तीन हजार काळी माणसं न्यूयॉर्कहून जहाजांनी नोव्हा स्कॉशियाला गेली, त्यांत हॅरी वॉशिंग्टन होता. तिथून पुढे तो सिएरा लिओनला गेला. त्याच्या दृष्टीने स्वातंत्र्ययुद्धात कोण जिंकलं हे त्यालाच विचारायला हवं होतं.

माझा मुलगा न्यू जर्सीत स्थायिक आहे. तुम्ही प्रत्येक गोष्टीत श्रीमंत-गरीब शोधता. अमेरिकेत तेव्हा इंग्लंडपेक्षा समता जास्त होती, हे तुम्ही का सांगत नाही? — बोरिवली

सांगतो, कारण ते खरं आहे. गोऱ्या शेतकऱ्यांपैकी पुष्कळांकडे स्वतःची जमीन होती, मताचा अधिकार इंग्लंडपेक्षा कितीतरी जास्त गोऱ्या पुरुषांना होता. पेनसिल्व्हेनियाने तर १७७६ मध्ये कर भरणाऱ्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत दिलं. त्या घटनेच्या मसुद्यात एक कलमही होतं की फार थोड्यांच्या हातांत फार मोठी मालमत्ता जमणं घातक आहे. ते गाळलं गेलं, पण लिहिणारे होते. उलट मॅसॅच्युसेट्सने, म्हणजे बोस्टन ज्यात आहे त्या राज्याने, १७८० मध्ये मतासाठी ६० पौंडांची मालमत्ता ठरवली, ती आधीपेक्षा कमी नव्हती, जास्तच होती. गव्हर्नर व्हायचं तर १,००० पौंडांची जमीन हवी. पहिला गव्हर्नर कोण झाला ते ओळखा. हॅनकॉक.

पण आपण म्हणता तसं मी गरीब एका बाजूला आणि श्रीमंत दुसऱ्या बाजूला अशी रेघ ओढलेली नाही. तशी रेघ तिथे नव्हतीच. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीकाठच्या मोठ्या जमीनदाऱ्या पाहा. तिथे कुळं होती, खंड होता, बेदखल करणं होतं. ज्यांच्या घरात कुळकायद्याच्या आठवणी आहेत त्यांना वेगळं समजावायला नको. १७६६ मध्ये तिथल्या कुळांनी उठाव केला. पुढारी प्रेंडरगास्टला फाशीची शिक्षा झाली, बायको घोड्यावरून गव्हर्नरकडे दाद मागायला गेली आणि शेवटी राजाने माफी दिली. आता दहा वर्षांनी स्वातंत्र्याची हाक आली तेव्हा कुळांनी काय करावं? लिव्हिंग्स्टन घराणं देशभक्तांच्या पुढाऱ्यांत, जाहीरनामा लिहिणाऱ्या पाचजणांच्या समितीत त्यांचा एक होता. तर १७७७ मध्ये त्यांची कुळं राजाच्या बाजूने उठली. राजा जिंकला तर जमीन आपली होईल ही आशा. तो उठाव लगेच चिरडला गेला. खालच्या अंगाला फिलिप्स घराण्याची जमीनदारी, मालक राजनिष्ठ. तिथली पुष्कळ कुळं देशभक्त! मालक पळाला, इस्टेट जप्त झाली, विकायला निघाली आणि बऱ्याच कुळांनी आपापलं शेत विकत घेतलं.

म्हणजे मालक ज्या झेंड्याखाली, कूळ त्याच्या समोरच्या झेंड्याखाली. आपण न्यू जर्सीला गेलात तर ही ठिकाणं मोटारीने फार लांब नाहीत.

युद्धानंतर शेतकऱ्यांनी बंड केलं असं ऐकलं आहे. स्वराज्य आल्यावर बंड कशाला? — चेंबूर

कर्जापायी. सैनिकांना पगार मिळाला तो कागदाच्या चिठ्ठ्यांत. घरी आल्यावर पोटासाठी त्या चिठ्ठ्या त्यांनी दलालांना कवडीमोलाने विकल्या. मग मॅसॅच्युसेट्स सरकारने त्याच कर्जाची फेड करायला कर वाढवले आणि ते रोख नाण्यांत मागितले. नाणं खेड्यात होतंच कुठे? म्हणजे सैनिकाने स्वतःची चिठ्ठी मातीमोल विकायची आणि ती विकत घेणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळावी म्हणून कर भरायचा. पश्चिमेकडच्या एकट्या हॅम्पशायर परगण्यात १७८४ ते १७८६ या दोन वर्षांत कर्जवसुलीचे जवळपास तीन हजार दावे लागले. १७८६ मध्ये लोकांनी कोर्टंच बंद पाडायला सुरुवात केली. सुप्याला १८७५ मध्ये आपल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, ते याच्याच जवळचं. कोर्ट बसलं नाही तर जप्ती नाही.

पुढारी डॅनियल शेज, स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन. युद्धात अमेरिकेकडून लढलेला फ्रेंच सेनापती लाफाएत याने भेट दिलेली तलवार त्याने पैशांच्या अडचणीत विकली होती. सरकारी तिजोरीत फौजेला पैसे नव्हते, तेव्हा बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारासमोर तोफा डागल्या गेल्या, चौघं मेली. जन्मभर बंडाची चूल पेटती ठेवणारा सॅम्युअल अ‍ॅडम्स आता म्हणू लागला की राजाविरुद्धच्या बंडाला क्षमा असेल, प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करणाऱ्याला मरणच हवं. पुढच्या निवडणुकीत हॅनकॉक पुन्हा गव्हर्नर झाला आणि त्याने बहुतेकांना माफी दिली. माणूस वाऱ्याची दिशा ओळखणारा होता.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाला नवी घटना लिहिली गेली. राज्यांना कागदी चलन काढायला बंदी, करार मोडणारे कायदे करायला बंदी. शेजचं बंड लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने त्या जुन्या चिठ्ठ्या पूर्ण दर्शनी किमतीला मान्य केल्या. मूळ सैनिकाला फरकातला काही हिस्सा द्यावा असा प्रस्ताव मॅडिसनने आणला होता, तो पडला.

जोतीरावांनी तरुणपणी थॉमस पेन वाचला होता. हा पेन कुठल्या थरातला? — मुलुंड

मुलुंडकर, हा प्रश्न मी शेवटी मुद्दाम ठेवला, कारण पेन आमच्या बिरादरीतला. इंग्लंडमध्ये एक्साइजचा अधिकारी. त्याआधी बायकांच्या कॉर्सेट शिवायचा, बापाचा धंदा तोच. एक्साइजमधून दोनदा काढून टाकला. १७७२ मध्ये सगळ्या एक्साइज अधिकाऱ्यांतर्फे त्याने पगारवाढीचा अर्ज छापला आणि पार्लमेंटच्या सभासदांना वाटला. वर्षाला ५० पौंड पगार, त्यातून घोड्याचा खर्च स्वतःचा. इतक्या कमी पगाराचा माणूस हप्ता न खाता राहील कसा, हा त्यातला मुद्दा. अर्ज बासनात गेला. १७७४ मध्ये दुसऱ्यांदा नोकरी गेली आणि फ्रँकलिनची चिठ्ठी घेऊन तो फिलाडेल्फियाला उतरला. जानेवारी १७७६ मध्ये त्याने 'कॉमन सेन्स' लिहिलं, लाटिन अवतरणांशिवाय, कारागिराला वाचता येईल अशा भाषेत. जॉन अ‍ॅडम्सला स्वातंत्र्याचा मुद्दा आवडला, पण एकाच लोकसभागृहाची कल्पना इतकी धोक्याची वाटली की त्याने तिला उत्तर म्हणून वेगळी पुस्तिका काढली. त्याच वसंतात अ‍ॅडम्सने एका मित्राला लिहिलं की मताच्या पात्रतेला हात लावू नका, नाहीतर बायका मत मागतील, पोरं मागतील आणि खिशात दमडी नसलेला प्रत्येकजण मागेल.

१८०६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलला पेन मत द्यायला गेला. तू अमेरिकेचा नागरिक नाहीस असं सांगून अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवलं.

जोतीरावांनी वाचलं ते त्याचं 'राइट्स ऑफ मॅन'. राजेशाहीवरची टीका सगळ्यांना माहीत असते. दुसऱ्या भागात तो जमाखर्च घेऊन बसतो, तो भाग अवश्य वाचा. सरकारकडे कुठल्या करातून किती येतं, फौजेवर किती उडतं, तेवढं वाचवलं तर गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला किती आणि म्हाताऱ्यांना किती देता येईल, अशी आकडेमोड. पन्नाशीनंतर वर्षाला ६ पौंड, साठीनंतर १० पौंड, आणि हे दान नव्हे, जन्मभर भरलेल्या करांपोटीचा हक्क, असं तो बजावून सांगतो. १७९२ मधली ही गोष्ट. आकडेमोडीत एक्साइजवाल्याचा हात स्पष्ट दिसतो.